भोंगा की मोबाईल? वडसाच्या गुरुजींना उत्तर

गुरुजी, नमस्कार.

तुमची प्रतिक्रिया मी तीनदा वाचली, आणि मग आमच्या कॅमेरा धरणाऱ्या पोराला मोठ्याने वाचून दाखवली. बाकीच्यांसाठी तिचं सार आधी सांगतो. गुरुजींची हयात गडचिरोली जिल्ह्यातल्या वडसा भागात, झाडीपट्टीच्या म्हणजे पूर्व विदर्भातल्या धानाच्या मुलखातल्या नाटकांत गेली. मागच्या लेखात मी लिहिलं होतं की यूट्यूबवर टाकलेल्या आमच्या वऱ्हाडी विनोदी सिनेमाच्या ऑनलाइन प्रसिद्धीला चाळीस हजार रुपये लागले. त्यावर गुरुजी म्हणतात, हे पैसे मोबाईलवर उधळले. झाडीपट्टीत पोस्टर आणि भोंग्याच्या जोरावर माणसं तिकीट काढून रात्रभर नाटक बघतात. रील लाखभर लोकांनी पाहिली म्हणजे सिनेमा पाहिला असं होत नाही. पडदा कुठे लावलाय, असंही ते विचारतात. आणि वऱ्हाडी बोलीची थट्टा विकून आम्ही नाव कमावलं.

शेवटच्या आरोपापासून सुरुवात करतो, कारण तो खरा आहे.

सिनेमात एक म्हातारा शेतकरी आहे. कर्जाचा कागद पुन्हा परत आला की तो बँकेच्या दारात उभा राहून साहेबाला वऱ्हाडीत सुनावतो. हा प्रसंग पन्नासाव्या मिनिटाला येतो. तोवर बघणाऱ्याला ठाऊक झालेलं असतं की तो चौथ्यांदा तिथे आलाय आणि यष्टीचं भाडंही त्याने उसनं घेतलंय. म्हणून हसू येतं आणि ते घशात अडकतं. आम्ही त्यातले वीस सेकंद कापून रील केली. मागचं सगळं गळून पडलं, उरली फक्त बोली. खाली लोक लिहू लागले, ‘ही कुठली भाषा’, ‘अजून एक ऐकवा’. ते साहेबावर हसत नव्हते, म्हाताऱ्यावर हसत होते. ती भूमिका करणाऱ्या काकांच्या नातवाने शाळेतून आल्यावर विचारलं, ‘आबाले सारे कायले हासून राह्यले?’ त्या रात्री रील काढून टाकली. आमच्या सगळ्या रीलमध्ये तिचाच आकडा सर्वांत मोठा होता.

त्यानंतर सिनेमातले विनोद कापून वाटणं बंद केलं. पोळा तोंडावर आला होता. तोरणाखाली बैलजोड्या उभ्या राहिल्या की झडत्या, म्हणजे मोठ्याने म्हणायच्या चिमटे काढणाऱ्या ओळी, सुरू होतात, आणि त्यांतून सरपंच, सावकार, पाऊस, कापसाचा भाव, कुणीच सुटत नाही. आम्ही त्या चालीवर सिनेमातल्या पात्रांच्या तोंडी नव्या झडत्या रचल्या आणि लोकांना म्हटलं, तुमच्या गावच्या झडत्या रेकॉर्ड करून पाठवा. झडतीचा विनोद तीस सेकंदांत पुरा होतो. त्याला मागचंपुढचं सांगावं लागत नाही. आणि तिथे म्हणणाराच हसवतो, त्याच्यावर कुणी हसत नाही. हे आम्हाला आधी सुचायला हवं होतं, गुरुजी.

आकड्यांबद्दलही तुमचं बरोबर आहे. यूट्यूबवर लांब व्हिडिओंच्या वाटेने जाहिरातींच्या उत्पन्नातला वाटा मिळायला हजार सबस्क्रायबर आणि वर्षभरात ४,००० तास पाहिलं जाणं लागतं. शॉर्ट्सच्या, म्हणजे यूट्यूबवरच्या रीलसारख्या छोट्या व्हिडिओंच्या, फीडमध्ये पाहिलेला वेळ त्या तासांत धरत नाहीत. आमचा सिनेमा ८० मिनिटांचा. म्हणजे ३,००० माणसांनी तो पहिल्यापासून शेवटपर्यंत पाहिला तर ४,००० तास भरतात. सिनेमा करणाऱ्या पोरांनी रीलच्या आकड्यापेक्षा हा हिशेब भिंतीवर लिहून ठेवावा.

पण पैसे उधळले, हे मला मान्य नाही.

झाडीपट्टीचा प्रेक्षक एका रात्री एका गावात जमतो. दिवाळीनंतर धान हाती येतं, मंडई म्हणजे गावची जत्रा भरते, शंकरपट म्हणजे बैलांच्या शर्यती होतात, पाहुणे येतात आणि रात्री नाटक. तिथे भोंगाच हवा. या परंपरेची मला कदर आहे. २०२३ मध्ये झाडीपट्टीचे नट परशुराम खुणे यांना पद्मश्री मिळाली तेव्हा आम्हीही इकडे पेढे वाटले. पण आमच्या सिनेमाचा प्रेक्षक एका जागी नाही. यवतमाळ जिल्ह्यातल्या दारव्हा, आर्णी, दिग्रसची पोरं आज पुण्याजवळ चाकणला, रांजणगावला, पिंपरीला कारखान्यांत आहेत. पोळ्याला त्यांना सुट्टी नसते. खोलीत चौघं जण झोपतात आणि रात्रपाळी संपल्यावर मोबाईल बघतात. त्यांच्यापर्यंत कुठला भोंगा पोचणार?

हे आम्हाला पैसे घालवून कळलं. आधी फेसबुकवर बूस्टचं, म्हणजे पैसे भरून पोस्ट पसरवायचं, बटण दाबलं आणि सगळा महाराष्ट्र निवडला. तीन हजार गेले, लाइक आले, सिनेमा कुणी पाहिला नाही. मग नकाशावर चाकणला पिन टाकली, भोवतीचा परीघ निवडला आणि जाहिरातीचं पहिलंच वाक्य ठेवलं, ‘पोळ्याले घरी नाई जाता आलं का भाऊ?’ त्यानंतर यूट्यूबच्या शहरवार आकड्यांत पुणे वर चढलं, आणि आठवड्याभरात आमच्याच तालुक्यातले लोक दिसू लागले. पोरं गावी फोन करून सांगत होती, ‘हे पाय’, म्हणजे हे बघ. जाहिरातींवर एकूण अकरा हजार गेले, १८ टक्के जीएसटी धरून. बाकी संकलन, सबटायटल, एक माइक आणि प्रवास.

व्हॉट्सॲपबद्दल एक गोष्ट नव्या पोरांसाठी. फॉरवर्ड एका वेळी पाचच ठिकाणी जातो, आणि फार फिरलेला असेल तर एकाच. एकच निरोप अनेकांना वेगवेगळा धाडायच्या ब्रॉडकास्ट यादीत २५६ माणसं बसतात, पण ज्यांनी तुमचा नंबर सेव्ह केलाय त्यांनाच निरोप मिळतो. म्हणून आधी ओळख हवी. शिवाय फसवणुकीच्या भीतीने गावात कुणी अनोळखी लिंक उघडत नाही, आणि ते बरंच आहे. आम्ही लिंकच्या आधी म्हाताऱ्याची भूमिका करणाऱ्या त्या काकांच्या आवाजातला निरोप पाठवायचो: मी अमक्या गावचा, हा सिनेमा आम्ही केला, पाहून सांगा.

भोंगाही लावला होता, बरं का. दारव्ह्याच्या आठवडी बाजारात ऑटोवर, दोन दिवस. पण सिनेमा मोबाईलवर आहे म्हटल्यावर लोकांचा पहिला प्रश्न हाच की पडदा कुठे लावलाय? तुम्हीही तेच विचारलंत. जाहीर प्रदर्शनाला १९५२ च्या सिनेमॅटोग्राफ कायद्याप्रमाणे सेन्सॉरचं प्रमाणपत्र लागतं, आणि तो खर्च तेव्हा आमच्या आवाक्यात नव्हता. आता त्यासाठी पैसे जमवतोय.

दिवाळीनंतर तुमचा हंगाम सुरू झाला की मी वडसाला येतो. पोस्टर लागल्यापासून पडदा उघडेपर्यंत गावात काय काय घडतं, ते तुमच्याजवळ बसून बघायचंय. येताना चाकणचे आकडे आणि गावोगावच्या झडत्या घेऊन येईन. प्रमाणपत्र हाती आलं की पहिला पडदा कुठल्या गावात लावायचा, ते तुम्हीच सांगा.