२८ मे १९४८ ला होळकर-शिंद्यांचे कायदे ‘रद्द’ झाले नव्हते

इंदूर-ग्वाल्हेरच्या मराठी घरांमध्ये सध्या व्हॉट्सॲपवर एक लांबलचक संदेश फिरतोय. त्याचं सार असं: “नवं सरकार शपथ घेतं त्या क्षणी जुने कायदे संपतात. नेहरूंनी २८ मे १९४८ ला ग्वाल्हेरला येऊन होळकर-शिंद्यांचे कायदे एका दिवसात रद्द केले, इंग्रजांचे मात्र जपले. इंग्रजांचं दंडविधान १८६० पासून आपल्या मानेवर होतं. घटना लिहिणाऱ्यांनी तेच पुढे चालू ठेवून देशाला फसवलं. मंत्र्यांची शपथ म्हणजे नाटक, त्यातून देवालाही हाकललं. १ जुलै २०२४ ला शेवटचा इंग्रजी कायदा गेला.” खाली राजवाड्याचा फोटो आणि ‘प्रत्येक मराठी माणसापर्यंत पोहोचवा’ अशी आज्ञा.

फोटो छान आहे. बाकीचं एकेक करून पाहू.

“एका दिवसात रद्द केले”

२८ मे १९४८ ला नेहरूंच्या हस्ते मध्य भारत संघाचं, म्हणजे इंदूर-ग्वाल्हेरसह संस्थानं मिळून झालेल्या राज्याचं, उद्घाटन झालं, इथपर्यंत खरं. पण उद्घाटक कायदे रद्द करत नसतो. संघ उभा राहिला तो संस्थानिकांनी आपसात केलेल्या करारनाम्यावर. त्यावर २२ एप्रिल १९४८ ला सह्या झाल्या होत्या. त्या करारानुसार राजप्रमुख, म्हणजे संघाचे प्रमुख, झाले जिवाजीराव शिंदे आणि उपराजप्रमुख यशवंतराव होळकर. संघाची घटना तयार होईपर्यंत वटहुकूम काढण्याचा अधिकार राजप्रमुखांकडे होता. म्हणजे शिंद्यांचे कायदे कोणी रद्द करू शकलं असतं, तर ते खुद्द शिंदेच.

त्यांनी ते केलं नाही. कारभार नव्या संघाच्या हाती देण्यासाठी संस्थानांना १ जुलैपर्यंत मुदत होती, आणि मध्य भारताने सुरुवातीलाच शासन चालवण्याचा जो कायदा केला त्यात स्वच्छ लिहिलं होतं की, ज्या संस्थानात जो कायदा चालू आहे तो त्या मुलखात चालू राहील, जोवर तो बदलला किंवा काढून टाकला जात नाही. म्हणून राज्य एक झालं तरी इंदूरकडच्या शेतकऱ्याला होळकरांचा १९३१ चा जमीन महसूल व कुळकायदा आणि ग्वाल्हेरकडच्याला शिंद्यांचा कानून माल, अशी स्थिती काही काळ राहिली. इंदूरच्या कापड गिरण्यांवर औद्योगिक कर बसे तो होळकरशाहीतल्या १९२७ च्या नियमांनी. राजाचं राज्य गेलं म्हणून तो कर काही त्या रात्री माफ झाला नाही. सगळ्या मध्य भारताचा मिळून एक महसूल आणि कुळकायदा झाला तो संवत २००७ चा, म्हणजे १९५० चा. (मध्य भारताचे कायदे विक्रम संवताने मोजले जात. इंग्रजी गुलामीचा पुरावा शोधणाऱ्यांना ही गोष्ट कधी सापडत नाही.)

याहून ठळक उदाहरण न्यायालयातलं आहे. ग्वाल्हेर संस्थानात ‘एक्कान’ म्हणून ओळखली जाणारी जुनी लष्करी घराणी होती. त्यांना दरमहा काही रक्कम वंशपरंपरेने मिळे, आणि तिचे नियम १९१२ आणि १९३५ च्या कलमबंद्यांमध्ये, म्हणजे महाराजांच्या कलमवार फर्मानांमध्ये, घातलेले होते. मध्य भारत सरकारने ती रक्कम एका कार्यकारी हुकमाने बंद केली. फाळके नावाचे एक्कान कोर्टात गेले. सरकारचं म्हणणं असं की कलमबंदी म्हणजे महाराजांची प्रशासकीय आज्ञा, तो काही कायदा नव्हे. १९६० साली सर्वोच्च न्यायालयाने उलट निकाल दिला. महाराज सर्वसत्ताधीश होते. कायदा करणारे तेच, कारभार हाकणारे तेच. त्यामुळे त्यांच्या कलमबंदीला कायद्याचंच बळ, आणि घटनेच्या कलम ३७२ मुळे ती प्रजासत्ताकातही जिवंत. ती काढायची तर कायदा करून काढा, नुसत्या हुकमाने नाही.

संदेश म्हणतो शिंद्यांचे कायदे १९४८ ला मेले. शिंद्यांच्या कलमबंदीने प्रजासत्ताकाच्या सर्वोच्च न्यायालयात सरकारला हरवलं, तेही बारा वर्षांनी.

हीच कसरत १ नोव्हेंबर १९५६ ला पुन्हा करावी लागली. नवं मध्य प्रदेश झालं तेव्हा महाकोशल, मध्य भारत, विंध्य प्रदेश, भोपाळ आणि सिरोंज असे पाच तुकडे पाच तऱ्हेचे कायदे घेऊन आले. राज्य पुनर्रचना कायद्याच्या कलम ११९ ने ते जसेच्या तसे चालू ठेवले, १९५८ च्या विस्तार कायद्याने बरेचसे एकसारखे केले आणि जमीन महसूल संहिता १९५९ ची. या संथपणावर कोणी टीका केली तर मी ऐकून घेईन. एका राज्यात दोन शेजारी तालुक्यांना वेगळे नियम लागू असणं हा अन्यायच वाटतो. पण ती टीका ‘जुने कायदे फार दिवस टिकले’ अशी होईल, संदेशाच्या अगदी विरुद्ध.

जिथे सांधा जुळवून ठेवलेला नव्हता तिथे काय झालं, तेही ग्वाल्हेरच्याच एका दाव्यात दिसतं. तिथल्या एका सरदार घराण्याने १९४७ साली संयुक्त प्रांतातल्या (आजच्या उत्तर प्रदेशातल्या) काही जणांवर ग्वाल्हेरच्या कोर्टात दावा लावला. प्रतिवादी आलेच नाहीत, आणि १९४८ मध्ये एकतर्फी हुकूमनामा (कोर्टाचा निकाल) झाला. तो बजावण्यासाठी पुढे अलाहाबादला पाठवला. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं आणि १९६२ मध्ये निकाल लागला की हुकूमनामा झाला तेव्हा अलाहाबादच्या दृष्टीने ग्वाल्हेरचं कोर्ट परकं होतं, म्हणून तो तिथे बजावता येणार नाही. देश मधल्या काळात एक झाला होता, पण कोणता कायदा कुठे आणि कधीपासून लागू, हे कागदावर ठरलेलं नसेल तर नुसत्या एकीने वसुली होत नाही.

“दंडविधान १८६० पासून आपल्या मानेवर”

ब्रिटिश हिंदुस्थानच्या मानेवर, हो. इंदूर आणि ग्वाल्हेर ब्रिटिश हिंदुस्थानात नव्हते. महूची छावणी आणि रेसिडेन्सीचा भाग वेगळा, तिथे इंग्रजांचा अंमल होता. संस्थानांनी आपापले कायदे करताना इंग्रजी कायद्यांचा नमुना भरपूर उचलला, पण तो स्वतःच्या हुकमाने. भारतीय दंड संहिता संसदेच्या कायद्याने इथे लागू झाली ती १ एप्रिल १९५१ ला. ‘ब’ वर्गातल्या, म्हणजे मध्य भारतासारख्या जुन्या संस्थानांच्या राज्यांसाठी स्वतंत्र भारताच्या संसदेने त्याच वर्षी जो कायदा केला, त्याने. संदेश लिहिणाऱ्याच्या आजोबांना ही संहिता कोणा गोऱ्या लाटसाहेबाने दिली नाही. डॉ. राजेंद्रप्रसाद राष्ट्रपती असताना ती आली.

“घटना लिहिणाऱ्यांनी फसवलं”

कलम ३७२ अर्धंच वाचलं की असं वाटतं. त्यात ‘आधीचे कायदे चालू राहतील’ याच्या जोडीला दोन अटी आहेत: हे सारं घटनेच्या इतर तरतुदींच्या अधीन राहून, आणि सक्षम विधिमंडळ ते बदलेपर्यंत किंवा काढून टाकेपर्यंतच. पहिल्या अटीचे दात कलम १३ मध्ये आहेत. जुना कायदा मूलभूत हक्कांच्या आड येत असेल तर तो तेवढ्यापुरता शून्यवत. हा नुसता शोभेचा दात नाही. व्यभिचाराबद्दलचं दंड संहितेचं कलम ४९७ सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये याच मूलभूत हक्कांवर घासून मोडीत काढलं. आणि कलम ३९५ ने १९३५ चा भारत सरकार कायदा व १९४७ चा स्वातंत्र्य कायदा असे दोन्ही नाव घेऊन रद्द केले. राज्यकर्त्याला अधिकार देणारे इंग्रजांचे कायदे गेले. घराची खरेदीखतं, कर्जाचे करार, वारसा आणि पोटगी यांचे नियम राहिले.

ते राहिले नसते तर काय, याचा विचार संदेशात एका ओळीनेही नाही. २६ जानेवारी १९५० च्या सकाळी सराफ्यातल्या गहाणखताला कोणता कायदा लागू? चालू असलेल्या खुनाच्या खटल्यात न्यायाधीशाने कोणत्या कलमाखाली शिक्षा द्यायची? नवं सरकार पहिल्या दिवशी हजारभर कायदे लिहून आणू शकत नाही, आणि कायद्याविना एक दिवसही काढू शकत नाही. म्हणून चालू ठेवण्याचं कलम आधी लिहावं लागतं.

“शपथ हे नाटक”

सगळ्यात जास्त पुढे पाठवलं जातं ते हेच वाक्य. शपथविधीचे हारतुरे, नाराज आमदारांचे चेहरे, कोण पहिल्या रांगेत बसलं याचे हिशेब पाहून तसं वाटणं स्वाभाविक आहे. पण कायदा या विधीकडे फार कडक नजरेने बघतो.

राष्ट्रपतींची शपथ घटनेच्या कलम ६० मध्ये, राज्यपालांची १५९ मध्ये. मंत्री, खासदार, आमदार, न्यायाधीश आणि महालेखापरीक्षक यांच्या शपथांचे नमुने तिसऱ्या अनुसूचीत. मंत्र्याच्या शपथा दोन: पदाची आणि गोपनीयतेची. शपथ न घेता सभागृहात बसून मत दिलं तर दिवसाला पाचशे रुपये दंड, संसदेत कलम १०४ प्रमाणे आणि विधानसभेत १९३ प्रमाणे. १९५० मध्ये पाचशे ही डोळे पांढरे करणारी रक्कम होती. आता ती वाढवायला हवी होती असं माझं मत आहे. निष्ठा वाहायची ती ‘कायद्याद्वारे स्थापित झालेल्या भारताच्या संविधानाबद्दल’. पंतप्रधान, पक्ष, राजा यांच्यापैकी कोणाचंही नाव त्यात नाही. ‘सार्वभौमता व एकात्मता’ हे शब्द मूळ नमुन्यात नव्हते, ते १९६३ च्या सोळाव्या घटनादुरुस्तीने आले. नाटकाची संहिता कोणी घटनादुरुस्ती करून बदलत नाही.

शब्द चुकला तर? २ डिसेंबर १९८९ ला राष्ट्रपती वेंकटरामन शपथ देत होते. ते ‘मंत्री’ म्हणाले की देवीलाल ठासून ‘उपप्रधानमंत्री’ म्हणत. असं पद घटनेत नाही, म्हणून शपथ अवैध अशी याचिका झाली. सर्वोच्च न्यायालयाने शपथ वैध ठरवली: स्वतःचं वर्णन कसं केलं हा वर्णनाचा भाग, निष्ठा आणि कर्तव्य हा गाभा, आणि गाभा शाबूत होता. उलट केरळात २००१ मध्ये निवडून आलेल्या एका आमदाराने नमुन्यातल्या पर्यायांऐवजी श्रीनारायण गुरूंच्या नावाने शपथ घेतली, तर केरळ उच्च न्यायालयाने ती धरली नाही. आदर कितीही खरा असो, नमुना बदलण्याचा अधिकार घेणाऱ्याला नाही.

आणि नुसती शपथ घेतली म्हणून अपात्र माणूस पात्रही होत नाही. १४ मे २००१ ला जयललितांनी मुख्यमंत्रिपदाची शपथ घेतली तेव्हा त्यांच्यावर भ्रष्टाचाराच्या खटल्यातली शिक्षा होती. सप्टेंबरमध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती नेमणूक रद्द केली. त्याच निकालात एक तजवीजही होती: मधल्या काळात त्यांनी मुख्यमंत्री म्हणून केलेली, एरवी कायदेशीर असलेली कामं रद्द होणार नाहीत. संदेशाच्या पहिल्याच वाक्याला, ‘सरकार बदललं की सगळं संपतं’ याला, इतकं नेमकं उत्तर मला दुसरं सापडलं नाही. इथे तर शपथच टिकली नाही, तरी कारभार टिकवला गेला.

“देवाला हाकललं”

उलट, देवाला आत घेतलं गेलं. मसुद्यातल्या राष्ट्रपतींच्या शपथेत ईश्वराचं नाव नव्हतं. डिसेंबर १९४८ मध्ये संविधान सभेत हरी विष्णू कामतांनी, जे पुढे आपल्याच होशंगाबादचे खासदार झाले, त्यासाठी आग्रह धरला. शेवटी दोन्ही वाटा ठेवल्या: ईश्वरसाक्ष शपथ किंवा, ईश्वराचं नाव न घेता, गांभीर्यपूर्वक दृढकथन. भोपाळच्या शपथविधीत ‘ईश्वर की शपथ’ ऐकू येतं ते त्यामुळेच.

“१ जुलै २०२४ ला शेवटचा इंग्रजी कायदा गेला”

त्या दिवशी तीन कायदे बदलले. दंड संहिता १८६० ची आणि पुरावा कायदा १८७२ चा, हे इंग्रजांचे. तिसरी फौजदारी प्रक्रिया संहिता १९७३ ची, म्हणजे आपल्याच संसदेची. करार कायदा १८७२ चा, मालमत्ता हस्तांतरण कायदा १८८२ चा, नोंदणी कायदा आणि दिवाणी प्रक्रिया संहिता १९०८ च्या. हे सगळे जागेवर आहेत, आणि फ्लॅटचं रजिस्ट्रेशन आजही त्यांच्यावरच होतं.

जुनी दंड संहितासुद्धा पुरती गेलेली नाही. तिच्या जागी आलेल्या भारतीय न्याय संहितेच्या शेवटच्या, ३५८ व्या कलमाने ती रद्द करताना आधीच्या गुन्ह्यांची जबाबदारी राखून ठेवली आहे. गुन्हा जून २०२४ मधला आणि फिर्याद ऑगस्टमधली असेल, तर आरोप जुन्या संहितेच्या कलमाखाली आणि कार्यपद्धती फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी आलेल्या नव्या नागरिक सुरक्षा संहितेची. १ जुलैआधी उभा राहिलेला खटला जुन्याच पद्धतीने पुढे चालतो. तेव्हा ज्यांची जुनी केस चालू आहे त्यांनी हा संदेश वाचून तारखेला दांडी मारू नये. वॉरंट कोणत्या संहितेखाली निघायचं हे न्यायाधीश ठरवतील, पण निघेल नक्की.