पोर्टलची यादी पॉइंटने लावली की टीम झाली?

अमेरिकेत शिकणाऱ्या भाच्याने फॅमिली ग्रुपवर एक मेसेज पुढे ढकलला. मजकूर असा: "कॉलेज बास्केटबॉलची विजेती टीम बांधणं सोपं आहे, कोच लोक उगाच अवघड करतात. ट्रान्सफर पोर्टलची यादी सरासरी पॉइंटने लावा, वरचे पाच उचला. २० पॉइंट म्हणजे २० पॉइंट, लीग कुठलीही असो. थ्री ४० टक्के असेल तर डोळे झाकून घ्या. दोनदा कॉलेज बदललेला पोरगा नको. नाव मोठं, पैसा मोठा, विषय संपला. कागदपत्रं होतात नंतर." (ट्रान्सफर पोर्टल म्हणजे कॉलेज बदलू पाहणाऱ्या खेळाडूंची ऑनलाइन यादी; थ्री म्हणजे तीन पॉइंटचा, लांबून मारलेला शॉट.) खाली मामा-काकांचे चार अंगठे. भाचा संख्याशास्त्र शिकतो, म्हणून जास्त चिडचिड झाली.

एवढं मान्य की यादी कुठून तरी लावावीच लागते. पोर्टल ऑक्टोबर २०१८ मध्ये सुरू झालं. एप्रिल २०२४ पासून अभ्यासात पात्र असलेला खेळाडू कितीही वेळा कॉलेज बदलू शकतो, एक वर्ष बाहेर बसायची अट राहिलेली नाही. २०२५ च्या वसंतात पुरुषांच्या डिव्हिजन वनमध्येच (कॉलेज खेळांचा सगळ्यात वरचा स्तर) दोन हजारांहून जास्त नावं पोर्टलमध्ये आली, आणि मुदत होती २४ मार्च ते २२ एप्रिल. इतके व्हिडिओ महिन्याभरात कुणी बघू शकत नाही, चाळणी हवीच. पण ती पॉइंटची?

"वरचे पाच उचला." सगळ्यात मोठा गाढवपणा हाच, म्हणून आधी तोच घेऊ. कॉलेजच्या सामन्यात एका टीमला साधारण ६८-७० पझेशन, म्हणजे बॉल ताब्यात असण्याच्या पाळ्या, मिळतात. त्यातली किती एखाद्या खेळाडूच्या हातात संपतात, म्हणजे शॉटवर, फ्री थ्रोवर (फाउलनंतर मिळणारा मोकळा शॉट) किंवा टर्नओव्हरवर (बॉल समोरच्यांना गमावणं), त्याला युसेज म्हणतात. कोर्टवरच्या पाच जणांच्या युसेजची बेरीज १०० टक्केच होते, म्हणजे सरासरी माणशी २०. छोट्या टीममधला २० पॉइंटवाला बहुतेकदा ३० च्या आसपास खात असतो. असे पाच आणले की बेरीज १५०. बॉल एकच आहे. जास्तीचे ५० टक्के कुणाच्या तरी हातातून काढून घ्यावेच लागतात, आणि ज्याच्या हातातून जातात तो बॉलशिवाय काय करतो, स्क्रीन लावतो का (अंगाने समोरच्याची वाट अडवणं), कट मारतो का (बास्केटकडे अचानक धावणं), की कोपऱ्यात कमरेवर हात ठेवून उभा राहतो, हे पॉइंटच्या रकान्यात कुठेही लिहिलेलं नसतं.

दोन काल्पनिक खेळाडू घ्या. पहिला: १८ शॉट, ५ फ्री थ्रो, २० पॉइंट. दुसरा: ७ शॉट, ३ फ्री थ्रो, ११ पॉइंट. आता प्रयत्नांच्या मानाने किती वसूल झालं ते कळायला पॉइंट भागिले दोनदा (शॉट अधिक ०.४७५ गुणिले फ्री थ्रो) करा. पहिल्याचं उत्तर येतं ०.४९, दुसऱ्याचं ०.६५. मेसेजवाल्याच्या यादीत पहिला वर आणि दुसरा चौथ्या पानावर. दुसऱ्याला १८ शॉट दिले तर तोही ०.६५ ठेवेल असं नाही, युसेज वाढलं की नेम बहुधा उतरतो. पण पहिल्याला आणून त्याचे शॉट दहावर आणले तर तो सुधारेलच याचीही हमी नाही. काहींना आठ शॉट मारल्याशिवाय हातच तापत नाही.

कोच मंडळी सुरुवात यादीपासून करत नाहीत, स्वतःच्या भगदाडापासून करतात. एका सामन्यात ४० मिनिटं गुणिले पाच, म्हणजे २०० मिनिटं वाटायची असतात. समजा परत येणाऱ्यांकडे ९० आहेत, तर ११० भरायची. ती कुठली? बॉल हाताळणाऱ्याची ३०, रिमखाली (बास्केटच्या कड्याखाली) उभं राहणाऱ्याची ४०, बाकी विंगवर (कोर्टच्या बाजूंना). रोटेशन, म्हणजे आलटून-पालटून खेळणाऱ्यांची संख्या, आठ-नऊ जणांचं असतं, त्यामुळे चौथा गार्ड (बॉल हाताळणारा, बाहेरून खेळणारा) कितीही गोड असला तरी त्याला सहा मिनिटं मिळणार, आणि पुढच्या वसंतात तो स्वतःच पोर्टलमध्ये असणार. हा तक्ता आधी, नावं नंतर.

विश्वास नसेल तर २०२५ चं फ्लोरिडा विद्यापीठ बघा. सॅन अँटोनियोत राष्ट्रीय स्पर्धेच्या फायनलमध्ये ह्यूस्टनला ६५-६३ हरवून चॅम्पियन झाले. सुरुवातीच्या पाचांतले चौघे ट्रान्सफर. वॉल्टर क्लेटन आयोनामधून आला, तिथे सरासरी १६.८. अलायजा मार्टिन फ्लोरिडा अटलांटिकमधून, १३ च्या घरात. विल रिचर्ड बेलमाँटमधून, १२ च्या घरात. आणि रूबेन चिन्येलू वॉशिंग्टन स्टेटमधून, जेमतेम पाचच्या आसपास. वीसवाला एकही नाही. चिन्येलू तर पॉइंटच्या यादीत स्क्रोल करून बोट दुखलं असतं तरी सापडला नसता. त्याला आणलं ते रिबाउंड (हुकलेला शॉट झेलणं) आणि रिमखालच्या अंगासाठी, कारण शॉट मारणारे तीन गार्ड घरात होते किंवा येत होते. फायनलमध्ये शेवटच्या मिनिटात आघाडी देणारे दोन फ्री थ्रो मार्टिनचे, आणि शेवटच्या पझेशनला ह्यूस्टनच्या शूटरवर धावून जाऊन त्याला शॉटच घेऊ न देणारा क्लेटन. तो क्षण पॉइंटमध्ये मोजला जात नाही.

"२० पॉइंट म्हणजे २० पॉइंट." इथे अर्धं खरं आहे, नाइलाजाने देतो. डाल्टन क्नेक्टने नॉर्दर्न कोलोराडोत २०.२ केले आणि टेनेसीत, कितीतरी कठीण लीगमध्ये, २१.७. पण मॅक्स अबमसने ओरल रॉबर्ट्समध्ये २१.९ केले आणि टेक्ससमध्ये १६.८. तो तिथेही चांगलाच खेळला, फक्त २१.९ धरून हिशेब मांडणारा पाच पॉइंटनी चुकला असता. क्नेक्ट सहा फूट सहा इंच, अबमस सहा फुटांचा. लांब हातांसमोर कुणाचा शॉट टिकेल, याचा पहिला अंदाज इथेच येतो.

छोट्या लीगच्या खेळाडूला नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये मोठ्या टीमविरुद्ध चार-सहा सामने मिळतात. तेवढेच वेगळे काढा. त्यात पॉइंट बघू नका, टर्नओव्हर बघा, रिमपर्यंत किती वेळा पोहोचला ते बघा, फ्री थ्रो किती कमावले ते बघा. मग त्याची टीम वीसने हरली तो सामना लावा, हायलाइट नकोत. डिफेन्सला स्क्रीन लागला की हा वरून (स्क्रीन लावणाऱ्याच्या पुढून) जातो की खालून (मागून)? खालून गेला तर समोरचा मोकळा थ्री मारतो. वरून जाताना अडकला तर मागचा बिग मॅन (रिमजवळचा उंच खेळाडू) एकटा दोघांत सापडतो. छोट्या लीगमध्ये हे खपून जातं. मोठ्या लीगचा कोच मात्र दुसऱ्या पझेशनपासून ह्याच्याच माणसाला स्क्रीन लावायला पाठवतो आणि सामना संपेपर्यंत थांबत नाही.

"थ्री ४० टक्के असेल तर डोळे झाकून." भाच्या, निदान हे तरी तू पकडायला हवं होतंस. १०० शॉटमध्ये ४० गेले तर एका प्रमाण त्रुटीचं माप, म्हणजे नुसत्या नशिबाने पडणारा फरक, जवळजवळ ५ टक्के. दुप्पट धर: खरा नेम ३० ते ५० मध्ये कुठेही असू शकतो. आणि बऱ्याच खेळाडूंचे हंगामभरात १०० सुद्धा होत नाहीत. म्हणून थ्रीच्या टक्क्याशेजारी तीन गोष्टी ठेवायच्या: फ्री थ्रोचा टक्का (६२ टक्के फ्री थ्रो मारणाऱ्याचे ४० टक्के थ्री संशयास्पद), सामन्यामागे किती थ्री घेतो, आणि ते पास झेलून मारलेले की ड्रिबलवरून. कॅम स्पेन्सरचं उदाहरण घे. रट्गर्समध्ये थ्री ४३ टक्क्यांवर, फ्री थ्रो ९० च्या आसपास. कनेक्टिकटमध्ये आला आणि थ्री ४४ टक्के. फ्री थ्रो आधीच सांगत होते की हे नशीब नाही.

उलट बाजूला २०२४-२५ चं सेंट जॉन्स. ट्रान्सफरवर उभारलेली, डिफेन्समध्ये भयंकर टीम, पण थ्री हंगामभर ३० टक्क्यांच्या आसपास. मार्चमधल्या राष्ट्रीय स्पर्धेत दुसऱ्या फेरीत आर्कान्सासने रिमकडची वाट बंद केली आणि बाहेरून मारा म्हणाले. २२ पैकी २ गेले. ७५-६६, घरी. हे भगदाड तक्त्यात आधीपासून होतं, त्या दिवशी फक्त उघडं पडलं.

"दोनदा कॉलेज बदललेला नको." वरचा स्पेन्सर आधी मेरीलँडच्या लॉयोलात, मग रट्गर्सला, मग कनेक्टिकटला. २०२४ ची फायनल कनेक्टिकटने परड्यूला ७५-६० हरवून जिंकली. पुढे.

"नाव मोठं." हंटर डिकिन्सन २०२३ मध्ये मिशिगनहून कॅन्ससला गेला, त्या वर्षीच्या पोर्टलमधलं सगळ्यात गाजलेलं नाव. खेळलाही जोरदार. कॅन्सस दोन्ही वर्षं हंगामाआधीच्या क्रमवारीत पहिलं होतं. २०२४ मध्ये दुसऱ्या फेरीत गोन्झागाकडून ८९-६८, २०२५ मध्ये पहिल्याच फेरीत आर्कान्सासकडून ७९-७२. पहिल्या वर्षी दुखापतीही होत्या, सगळं खापर त्याच्यावर फोडणं अन्याय. पण एक नाव २०० पैकी ३५ मिनिटं खेळलं तरी बाकीची १६५ त्याने भरत नाहीत.

पैशाबद्दल थोडक्यात. २०२५-२६ पासून कॉलेज खेळाडूंना थेट पैसे देऊ शकतं, त्या वर्षीची मर्यादा साधारण २ कोटी ५ लाख डॉलर, पण ती सगळ्या खेळांची मिळून. त्यातला मोठा घास फुटबॉल खातं. बास्केटबॉलच्या १५ जणांत जे उरतं त्यातलं निम्मं एकावर उधळलं की बेंचवर कोण बसणार ते दिसतंच.

"कागदपत्रं होतात नंतर." नाही होत. खेळायला पात्र ठरायचं तर चौथ्या वर्षात जाणाऱ्याची ६० टक्के पदवी पूर्ण हवी, आणि मोजतात ती नव्या कॉलेजातली पदवी. ती १२० क्रेडिटची असेल तर ७२ लागतात. पोराने जुन्या कॉलेजात ९० कमावलेले असतात, वडील निश्चिंत असतात. नवं कॉलेज त्यातले ६६ धरतं, कारण विषय बदलला आणि चार कोर्स "इलेक्टिव्ह"मध्येही बसले नाहीत. सहा कमी. मे महिन्यात कळलं तर उन्हाळ्यात तीन-तीन क्रेडिटचे दोन कोर्स करून भागतं. सही जुलैअखेर झाली आणि ट्रान्सक्रिप्ट (कॉलेजची गुणपत्रिका) ऑगस्टमध्ये उघडली, तर उन्हाळी सत्र संपलेलं असतं. पदवी हातात घेऊन येणाऱ्याला ही भानगड नाही, म्हणून पोर्टलच्या यादीत पॉइंटच्या आधी कॉलेजचं कितवं वर्ष आणि पदवी कधी, हे दोन रकाने बघितले जातात. आणि शंका असेल तिथे व्हिडिओ लावायच्या आधी ट्रान्सक्रिप्ट मागवतात.