दर सहा महिन्यांनी नवा पाय

शस्त्रसंधी झाली की वाहिन्यांवरचे नकाशे उतरतात आणि मृतांचा आकडा गोठतो. जखमींचा मात्र, जमिनीत राहिलेल्या न फुटलेल्या बॉम्ब-सुरुंगांमुळे, पुढे वाढतच जातो, आणि त्यात युद्ध संपल्यावर जन्मलेली मुलंही असतात.

पुण्यात सैन्याचं कृत्रिम अवयव केंद्र १९४४ पासून आहे, त्यामुळे जवानाचा गेलेला पाय या शहराला नवा नाही. लहान मुलाच्या पायाचं गणित मात्र पार वेगळं आहे.

लाओसवर १९६४ ते १९७३ दरम्यान अमेरिकेने वीस लाख टनांहून जास्त बॉम्ब टाकले. क्लस्टर बॉम्बमधून, म्हणजे हवेत उघडून पोटातले छोटे बॉम्ब सांडणाऱ्या बॉम्बमधून, असे सुमारे २७ कोटी छोटे गोळे विखुरले आणि त्यातले अंदाजे ३० टक्के फुटलेच नाहीत. आकार टेनिसच्या चेंडूएवढा. शेतात सापडला की पोर उचलणारच.

मोठ्या माणसाला कृत्रिम पाय तीन ते पाच वर्षं पुरतो. वाढत्या मुलाला साधारण सहा महिन्यांनी नवा लागतो. सातव्या वर्षी पाय गेला, तर अठरापर्यंतच वीस-बावीस पाय झाले! दर वेळी उरलेल्या पायावर पीओपीच्या पट्ट्या गुंडाळून साचा घ्यायचा, त्यात प्लास्टर ओतायचं, ते घासून आकारात आणायचं, त्यावर तापवलेली पॉलिप्रॉपिलीन प्लास्टिकची शीट ओढून सॉकेट, म्हणजे उरलेला पाय ज्यात बसतो ती खोळ, बनवायचं, नळी आणि पाऊल जोडून मुलाला चालवायचं. सॉकेट काढल्यावर कातडीची लाली दहा-एक मिनिटांत गेली नाही, तर दाब चुकीच्या जागी येतोय. गुडघ्याखाली बाहेरच्या बाजूला हाडाचं जे टोक हाताला लागतं, तिथे हे हमखास होतं. तसंच वापरत राहिलं की जखम होते, आणि मूल पाय कोपऱ्यात ठेवून पुन्हा कुबड्या घेतं.

त्यात मुलाचं हाड मधूनच कापलेलं असेल तर ते टोकाशी वाढत राहतं आणि कातडीला आतून टोचतं. मग पुन्हा ऑपरेशन. म्हणून जमेल तिथे सांध्यातून कापतात. पण सुरुंगाच्या स्फोटात माती, चपलेचे तुकडे वरपर्यंत मांसात घुसलेले असतात, तिथे सर्जनला निवड कसली? नंतर घरचे मायेने गुडघ्याखाली उशी देतात. गुडघा वाकलेलाच आखडतो आणि उत्तम सॉकेटही बसत नाही.

एवढं सगळं असताना एकरकमी भरपाई देऊन मोकळं होणं मला शुद्ध पळवाट वाटते. पैसे पहिल्या दोन-तीन वर्षांतच संपतात, मुलाची उंची वाढायची थांबत नाही.

भूसुरुंगबंदीचा १९९७ चा करार आणि क्लस्टर बॉम्बचा २००८ चा, भारत दोन्हींत नाही. आपली सीमा पाहता कारण कळतं. पण २००१-०२ च्या ऑपरेशन पराक्रममध्ये, म्हणजे पाकिस्तान सीमेवर सैन्य उभं केलं तेव्हा, पेरलेल्या सुरुंगांनी आपल्याच शेतकऱ्यांचेही पाय नेले. आणि मार्च २०२५ मध्ये लिथुआनियाही क्लस्टर करारातून बाहेर पडला. सुरुंग पेरायचेच असतील, तर त्याच फाइलला ते काढण्याचा खर्च जोडा, आणि त्याच्या खालच्या ओळीत, राहून गेलेल्या सुरुंगांपायी लागणाऱ्या पायांचा, मूल मोठं होऊन म्हातारं होईपर्यंतचा.