हेन्री क्लेला सगळं कळत होतं

‘तो त्या काळचा माणूस, त्याला आजची फूटपट्टी लावू नका.’ जुन्या अमेरिकन पुढाऱ्यांच्या गुलामांचा विषय निघाला की हे वाक्य ठरलेलं. मला ते हल्ली ऐकवत नाही.

एकोणिसाव्या शतकातला बडा अमेरिकन पुढारी हेन्री क्ले घ्या. व्हर्जिनियात वकिली शिकून केंटकीतल्या लेक्सिंग्टनला आला. १७९८ मध्ये, एकविशीच्या या पोराने टोपणनावाने वर्तमानपत्रात लिहिलं की केंटकीची राज्यघटना बदलताय तर गुलामांना टप्प्याटप्प्याने मुक्त करा. त्या काळचाच माणूस, बरं का! पुढे वकिली चालली, श्रीमंताघरची मुलगी केली, अ‍ॅशलँडचा मळा उभा राहिला. पीक हेम्पचं, म्हणजे अंबाडीसारखं धाग्याचं. त्याच्या वाखाचं तरट आणि दोर दक्षिणेत कापसाच्या गाठी बांधायला जायचे. वाख काढणारे गुलाम, कापूस वेचणारेही गुलाम. १८११ मध्ये प्रतिनिधिगृहात गेला आणि पहिल्याच दिवशी सभापती झाला. गुलामगिरी वाईट, हे भाषणांत म्हणत राहिला.

१८०६ मध्ये त्याने शार्लट डुपुई या गुलाम बाईला ४५० डॉलरला विकत घेतलं होतं. १८२९ मध्ये परराष्ट्रमंत्रिपद संपवून साहेब घरी निघायच्या बेतात, तर हिने वॉशिंग्टनच्या कोर्टात त्याच्यावरच दावा लावला. म्हणणं असं, की आधीच्या मालकाने मला मुक्त करायचा शब्द दिला होता. काय छाती असेल! तीही त्याच काळातली ना? तिचा काळ कोणी मोजत नाही. क्लेला मात्र यात राजकीय विरोधकांचा हात दिसला.

नवरा आणि दोन्ही मुलं क्लेबरोबर केंटकीला गेली. ही मात्र क्ले राहायचा त्या व्हाइट हाउसजवळच्या घरातच, नव्या भाडेकरूकडे पगारावर राहिली. १८३० मध्ये दावा हरली, तरी परत जाईना. क्लेने तिला तुरुंगात टाकायला लावलं, मग न्यू ऑर्लिन्सला आपल्या लेकीकडे पाठवून दिलं. ती आणि तिची मुलगी १८४० मध्ये मुक्त झाल्या. मुलगा चार्ल्स १८४४ मध्ये. त्या वर्षी क्ले पुन्हा राष्ट्राध्यक्षपदाला उभा होता, हा योगायोग ज्याने त्याने समजून घ्यावा.

१८५२ मध्ये गेला. मृत्युपत्रातही कलमं घातलेली: १ जानेवारी १८५० नंतर गुलाम बायकांना होणारी मुलंच सुटणार, मुलगे २८ व्या वर्षी, मुली २५ व्या. आणि सुटल्यावर त्यांची रवानगी आफ्रिकेत, अमेरिकेतल्या मुक्त काळ्या लोकांसाठी वसवलेल्या लायबेरियाला.