काँक्रीटमध्ये गाडलेले चाक आणि गरगरणारी मोटर

एक व्हिडिओ पुन्हा फिरतोय. आर्थर गॅन्सन या अमेरिकन शिल्पकाराचे यंत्र आहे: एका टोकाला चालू मोटर, पुढे वर्म गिअरच्या (स्क्रूसारख्या आट्यांचा दांडा म्हणजे वर्म, आणि त्याने फिरणारे दातेरी चाक) १२ जोड्या आणि शेवटचे चाक चक्क काँक्रीटच्या ठोकळ्यात पक्के. तरी मोटर अडत नाही. खाली लिहिलेय, 'गिअरांनी मोटरची ताकद वाटेतच खाल्ली. शेवटचे चाक हाताने फिरवले, तर मोटर प्रकाशापेक्षा जोरात फिरेल.'

यंत्र खरे आहे. खालचा मजकूर साफ चूक.

ताकद खाल्ली म्हणे! घर्षणात थोडीफार जाते, वर्ममध्ये जरा जास्तच. पण वेग उतरला की पीळ, म्हणजे फिरवण्याचा जोर, वाढतो. साखर कारखान्यात उसाचे रोलर मिनिटाला जेमतेम चार-पाच फेरे घेतात आणि ऊस चिरडतात, तो गिअरबॉक्सच्याच जोरावर.

मग काँक्रीट फुटत का नाही? कारण धक्का अजून तिथवर पोचलेलाच नाही. प्रत्येक जोडीत वेग ५० पटींनी उतरतो. मोटरचे मिनिटाला २०० फेरे धरा. पहिले चाक १५ सेकंदांत एक फेरा घेते, दुसरे साडेबारा मिनिटांत, तिसरे साडेदहा तासांत, चौथे तीन आठवड्यांत, पाचवे तीन वर्षांत. सहाव्याला दीडशे वर्षे लागतात. बाराव्याला सुमारे २.३ लाख कोटी वर्षे. विश्वाचे वय १,३८० कोटी. शेवटचे चाक १० सेंटिमीटर व्यासाचे असेल, तर त्याची कड वर्षभरात अणूच्या रुंदीच्या सातशेव्या भागाइतकीही सरकणार नाही. शिवाय दात्यांमध्ये 'प्ले' असतोच. तिथे ०.१ मिलिमीटर फट असली, तर ती भरून निघायलाच ७० कोटी वर्षे जातील. तोवर मोटर झगडतेय ती फक्त पहिल्या काही चाकांच्या घर्षणाशी. काँक्रीटचा तिला पत्ताही नाही.

राहिला प्रकाशाचा वेग. कागदावरचा गुणाकार बरोबर आहे, फक्त ते चाक हाताने फिरतच नाही. वर्मच्या आट्यांचा उतार इतका कमी असतो, की वर्म चाकाला फिरवतो, चाक वर्मला फिरवू शकत नाही. नुसते जाम होते. गिटारची तार कितीही ताणली तरी खुंटी उलटी फिरत नाही, ती याच कारणाने. वर्म काढून साधे गिअर बसवले तरी सुटका नाही. पहिल्या टोकाचे किरकोळ घर्षण तुमच्या हाताला तेवढ्याच अफाट पटीने जाणवेल. आधी दाते तुटतील, नाहीतर मनगट.