वाटणीत आलेलं पोट

रविवारी आमच्या नागपूरच्या महाल भागातल्या घरी सावजी मटण असतं आणि सोमवारी सकाळी संडासाबाहेर रांग असते. रांगेत सर्वांत व्याकूळ मी, आणि मी मटण खाल्लेलंच नसतं. धाकटा भाऊ तर्रीवरचा तेलाचा थर पोळीनं पुसून खातो आणि दुपारभर घोरतो. मी दहीभात खाऊन कळवळतो. "दादा, तुझं पोट पुण्याचं आहे," हे त्याचं निदान. नागपुरात याहून वाईट काही बोलता येत नाही.

पुतणी मायक्रोबायोलॉजी शिकते. जेवताना बोलू नये ते सगळं तिच्या अभ्यासक्रमात आहे. त्या रविवारी तिनं सांगितलं, की २०२३ साली इटलीतल्या त्रेंतो विद्यापीठाच्या संशोधकांनी २० देशांतले ९,००० हून अधिक शौचाचे आणि लाळेचे नमुने तपासले. (आपण काय काम करतो, हे ही मंडळी सासुरवाडीला कसं सांगत असतील?) एका घरात राहणाऱ्या दोघांच्या आतड्यांत ज्या जिवाणूंच्या जाती सामाईक असतात, त्यांतल्या सुमारे १२ टक्क्यांचे वाण अगदी तेच निघाले. तोंडातले ३२ टक्के. आमचे सगळ्यांचे ब्रश एकाच मगात खेटून उभे असतात, तेव्हा यावर कुणी वाद घातला नाही.

"म्हणजे याच्या पोटातले १२ टक्के माझ्या नावावर," मी म्हणालो. "मग सावजी पचवणारे कुठं दडून बसले?"

"मोठे बाबा, तेल-मसाला पचवणं त्यांचं मुख्य काम नाही. ते आपल्याला न पचणारा चोथा खातात आणि त्यातून आतड्याच्या अस्तराला पोसणारी आम्लं बनवतात. तुमच्या दहीभातात चोथा कुठाय?"

म्हणजे इतकी वर्षं पथ्याच्या नावाखाली मी भाडेकरूंना उपाशी ठेवत होतो.

पहिल्या वर्षात बाळाला आईकडून असे सुमारे ५० टक्के वाण मिळतात, हेही तिनं सांगितलं. आई ताटावरून नजर न उचलताच म्हणाली, "मी दोघांनाही सारखंच दिलं होतं."

एवढ्यात भावाचा बर्फीचा हात थबकला. "थांब. म्हणजे दादाचेही माझ्यात येऊन राहिले?"

सोमवारी मोरीत नवा मग होता. त्यात एकच ब्रश.