आपलाच डोंगर

आठवडाभर आमच्या घरच्या ग्रुपवर एकच वाद चालू आहे. पावसाळ्यात गर्दीच्या गडांवर, धबधब्यांवर प्रशासनाने बंदी घातली आणि चुलतभावाने लिहिलं, "आपल्याच सह्याद्रीत आपल्याला बंदी?" त्यावर चाळीस अंगठे पडले. मी मेलबर्नहून बंदीच्या बाजूने दोन ओळी टाकल्या, तर उत्तर आलं, "तू तिकडे बसून शिकवू नकोस." लागलं ते.

नुकताच मी आईला उलुरूला, ऑस्ट्रेलियाच्या मधोमध असलेल्या त्या प्रचंड तांबड्या खडकाकडे, घेऊन गेलो होतो. अ‍ॅलिस स्प्रिंग्जहून कोचने साडेचारशे किलोमीटर. वाटेत माउंट कॉनर दिसला की अर्धी बस त्यालाच उलुरू समजून खिडकीला चिकटते.

उलुरू अनांगू लोकांचा, म्हणजे तिथल्या मूळ रहिवाशांचा. 1985 साली सरकारने जमीन त्यांच्या नावावर केली आणि त्यांनी ती 99 वर्षांच्या कराराने राष्ट्रीय उद्यानाला दिली. मालक ते, तरी 'कृपया चढू नका' या त्यांच्या पाटीशेजारून लोक साखळी धरून चढत राहिले. किमान 37 जणांचा त्या चढाईत जीव गेला. आपल्या जमिनीवर पाहुणा दगावला की दुःख आपल्याला होतं, असं अनांगू सांगतात. शेवटी 26 ऑक्टोबर 2019 ला चढाई बंद झाली. तेव्हा इथेही हीच ओरड होती: आपल्याच देशात आपल्याला बंदी?

आपल्याकडे दरीत पडलेल्याला काढायला आधी कोण धावतं? पायथ्याच्या वाडीतली पोरंच ना? त्यांना काय हवंय, हे त्या चाळीस अंगठ्यांपैकी एकाने तरी विचारलंय? कॉलेजात असताना मी कळसूबाई कितीदा चढलो. शिड्या, साखळ्या, वर देवीचं देऊळ, खाली बारी गावात पिठलं-भाकरी. भाकरी थापणाऱ्या मावशींचं नावसुद्धा कधी विचारलं नाही.

इथे सगळं आलबेल आहे असं मी म्हणत नाही. मूळ रहिवाशांचं म्हणणं संसदेपुढे मांडणारं मंडळ राज्यघटनेत असावं का, या प्रश्नाला 2023 च्या सार्वमतात देशाने 'नाही' म्हटलं. मीही दर सोमवारी मीटिंगच्या सुरुवातीला मेलबर्नच्या मूळ रहिवासी वुरुंजेरी लोकांच्या भूमीला वंदन करतो आणि पुढच्या मिनिटाला बजेट उघडतो. तिथला डोंगर सुटला, इथली जमीन दुसऱ्यांची. मग 'आपलं' म्हणायचं तरी कशाला?

एका अनांगू बाईंनी लाल वाळूत बोटाने वर्तुळं काढत आम्हाला गोष्ट सांगितली. दुभाषी थांबला तरी त्यांचं बोट थांबेना. पुढे फोटो काढू नये अशी पाटी आली, तेव्हा आईने काही न विचारता फोन पर्समध्ये टाकला. तिच्या माहेरच्या देवराईतली वाळकी काटकीही कुणी उचलत नाही.

मग तिने वर बोट दाखवलं. तांबड्या खडकावर एक फिकट रेघ शेंड्याकडे गेली होती. "ही कसली रे?"

लाखो बुटांनी घासलेली वाट ती. चढाई बंद होणार म्हणून 2019 च्या जुलैत तिथे रांग लागली होती. त्या रांगेत मीही होतो. हे ग्रुपवर मी लिहिलेलं नाही.

"जुनी वाट आहे," मी आईला म्हटलं.